नदीकाठचे पाहुणे: कोल्हापुरातून निवांत उन्हाळ्याची आखणी

कोल्हापुरातून उन्हाळ्याच्या सुटीत निवांत हिंडायचे असेल, तर आधी ठिकाणांची यादी करू नये. नदीकाठी राहणाऱ्या नातेवाइकांची करावी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी, आणि श्रद्धेने मानलेली गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीपाशी एकत्र येऊन पंचगंगा होते. ती शहराच्या कडेने पूर्वेकडे निघते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. या काठांवरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या आहेत. त्यामुळे बहुतेक घरांत कुणाची आत्या शिरोळ तालुक्यात, कुणाची मावशी सांगलीकडे, कुणाचे आजोळ राधानगरीच्या वाटेवर, तर एखादी बहीण घाट उतरून मालवणात दिलेली असतेच. मुक्काम कुठे करायचा हे या नात्यांनी ठरवावे आणि दिवसातले कोणते तास बाहेर घालवायचे हे नदीने. एका दिवसात चार देवळे आणि दोन धरणे उरकणाऱ्यांसाठी पुढचा मजकूर नाही.

तारखा धरताना चैत्र पौर्णिमा आधी पाहून ठेवावी. त्या दिवशी वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, जोतिबाची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो, आणि या दोन-तीन दिवसांत कोल्हापुरातून बाहेर पडणे किंवा आत येणे दोन्ही त्रासाचे होते. यात्रा उलगडली, मुलांच्या परीक्षा संपल्या, की निघावे. मात्र एप्रिल-मे हाच लग्नसराईचाही काळ असल्याने ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या भावकीत कुठल्या तारखेला लग्न आहे ते आधीच विचारून घ्यावे. हळदीच्या आदल्या दिवशी बोचकी घेऊन दारात उभे राहिलेले पाहुणे कुणालाच सोसत नाहीत. कोकण शेवटी ठेवण्याचा मोह टाळावा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो, त्या सुमारास किनाऱ्यावरील जलक्रीडा आणि प्रवासी होड्या पावसाळ्यासाठी बंद केल्या जातात, आणि नेमके त्याच आठवड्यात पोचलेल्यांना जेटीवरून किल्ला पाहून परतावे लागते. तेव्हा एप्रिलअखेर कृष्णाकाठ, मेच्या पहिल्या पंधरवड्यात घाटाखाली, आणि उरलेले दिवस आजोळी, असा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

गाडी स्वतःची असली तरी एखादा टप्पा एसटीने करून पाहावा, कारण निवांतपणा खिडकीत बसणाऱ्याच्या वाट्याला येतो, स्टिअरिंग धरणाऱ्याच्या नाही. राज्याच्या हद्दीतील एसटी प्रवासात महिलांना 2023 पासून निम्मे भाडे पडते, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मेच, आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास 2022 पासून मोफत आहे. वयाचा पुरावा तेवढा जवळ असावा. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास तर पाहुणेगिरीसाठीच काढला असावा असे वाटते, कारण वाटेत उतरून आत्याकडे दोन तास बसण्याची आणि पुढची गाडी पकडण्याची मुभा त्यात आपोआप मिळते. कोल्हापुरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी वेगवेगळी बसस्थानके आहेत. त्यामुळे आपली गाडी कुठून सुटते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. उन्हात सामानासह एका स्थानकावरून दुसऱ्यावर धावणे ही सुटीची सुरुवात होऊ नये.

आता पाहुण्यांच्या घरी कळवण्याविषयी. आपल्याकडे ‘कधीही या’ असे मनापासून म्हटले जाते आणि ते खरेही असते, पण उन्हाळ्यात त्या घराच्या अडचणी वेगळ्या असतात. नळाला पाणी एक दिवसाआड येत असते, शेतीच्या विजेच्या वेळा रात्री-अपरात्रीच्या असतात, मोटर चालू करायला घरातला कर्ता माणूस पहाटे तीनला उठून गेलेला असतो. म्हणून फोन करताना मोघम बोलू नये. “मामी, आम्ही चौघं बुधवारी संध्याकाळी येतोय, दोन मुक्काम आहेत, शुक्रवारी सकाळी चहा घेऊन निघणार, गुरुवारी माझा उपवास असतो, वेगळं काही करत बसू नका,” एवढे स्पष्ट सांगितले की मामींना भाजी, दूध आणि अंथरुणे यांचा अंदाज येतो. आपल्या भागात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार आणि सोमवार, गुरुवार, शनिवार हे बहुतेक घरांत पाळायचे वार. नृसिंहवाडीला जायचे असेल तर तो दिवस रश्श्याच्या जेवणाला लागून येणार नाही असे बघावे, नाहीतर घरातली वडीलधारी मंडळी अवघडतात.

मुक्काम दोन रात्रींचा असावा. एका रात्रीत यजमानांची नुसती धावपळ होते आणि तिसऱ्या रात्रीपासून त्यांची कामे अडू लागतात. आजोळ याला अपवाद आहे. तिथे मुलांना पंधरा दिवस ठेवून आपण निघून यावे, आजीला तेच हवे असते.

हातात काय न्यावे, याबाबतीत मिठाईच्या खोक्यांपेक्षा वापरात येणाऱ्या वस्तू बऱ्या. घाटाखालच्या घरी कोल्हापुरी गुळाची ढेप आणि घरच्या कांदा-लसूण चटणीची बरणी यांचे जे स्वागत होते ते कशाचेच होत नाही, आणि परतताना तेथून आमसुले, कुळथाचे पीठ आणि आंब्याची पेटी येते. देशावरच्या पाहुण्यांकडे मात्र गूळ नेण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा स्वतःचा ऊस असतो. तिथे मुलांसाठी खाऊ आणि घरातल्या थोरल्या बाईसाठी खण पुरेसा आहे. पोचल्यावर अंघोळीच्या पाण्याची विचारपूस करून मगच न्हाणीघरात जावे. आपले कपडे आपण धुवावेत, आणि दुपारी सगळे घर आडवे झालेले असताना मुलांना अंगणात गलका करू देऊ नये. निघताना घरातल्या बायकांची ओटी भरली जाते, शिदोरी बांधली जाते. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवूनच एसटीची वेळ धरावी.

नदीकडे वळताना एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. उन्हाळ्यात पाणी किती आहे हे मात्र कुणी विचारत नाही. नाव चालायची की नाही हे ठरते ते त्यावरच. आपल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवले जातात, बरग्यांच्या दोन रांगांमध्ये माती भरली जाते आणि मागे पाणी तुंबते. पावसाळ्याच्या तोंडाला हेच बरगे पुन्हा काढून घेतले जातात. त्यामुळे उन्हाळ्यातली नदी ही एकसलग वाहती नदी नसून बंधाऱ्याबंधाऱ्यांत अडवलेल्या लांबट डोहांची माळ असते. नावेतून या गावाहून त्या गावाला लांबचा प्रवास करण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. एका डोहात तासभर फिरणे, पैलतीराला उतरणे आणि परत येणे, एवढाच आपल्याकडचा नौकाविहार, आणि तो पुष्कळ झाला.

डोहातले पाणीही स्थिर नसते. पंचगंगेत राधानगरी धरणाचे आणि कृष्णेत कोयनेचे पाणी सिंचनासाठी सोडले जाते. पाणी सुटले की काठ भरतो, आणि पुढची पाळी लांबली की चार दिवसांत काठावर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पाणी फारच कमी झाले तर पाटबंधारे खाते उपसाबंदी लावते, ही बातमी वर्तमानपत्रात आली की नदी उतरली आहे असे समजावे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना हवापाण्याबरोबर “नदीला पाणी सुटलंय का?” एवढे विचारावे. शेतकऱ्याच्या घरात याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. दुसरा प्रश्न जलपर्णीचा. पंचगंगेच्या खालच्या अंगाला, इचलकरंजीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत, पाणी संथ आणि दूषित झाले की उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. त्यात वल्हे अडकते, इंजिनच्या पंख्याला मुळ्या गुंडाळल्या जातात, आणि अशा पाण्यात हात बुडवण्याचीही इच्छा होत नाही. तेव्हा शिरोळ भागात नावेत बसायचे ते शक्यतो कृष्णेच्या बाजूला.

वेळ एकच: सकाळी सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत. संध्याकाळही सुंदर असते, पण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळ वळवाची असते. दुपारी तीननंतर ढग काळवंडू लागले, वारा एकाएकी पडला आणि अंगाची तलखी वाढली, की तासाभरात धुळीचे लोट, विजा आणि गारा यांपैकी काहीही येऊ शकते. उघड्या पाण्यावर वीज हा सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून ढगांचा पहिला गडगडाट ऐकू येताच नाव काठाला लावण्यास सांगावे आणि आसऱ्यासाठी झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे. सकाळची वेळ साधण्याचे आणखी एक कारण घाटांच्या पायऱ्या. काळा दगड दहानंतर असा तापतो की अनवाणी चालणे अशक्य होते, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असल्याने पायऱ्याही जास्त उतराव्या लागतात. वृद्ध मंडळींसाठी खरी परीक्षा नावेत नसते, परत वर चढण्यात असते.

नावेत चढताना घाई नको. लाकडी नाव काठाला टेकली की नावाडी वल्हे गाळात रोवून तिला धरून ठेवतो, तरीही पहिले पाऊल नावेच्या कडेवर न ठेवता मधल्या फळीवर ठेवावे, वाकून दोन्ही हातांनी कडा धरावी आणि लगेच खाली बसावे. एकजण बसल्याशिवाय दुसऱ्याने पाय उचलू नये. जड माणसे मध्यभागी, मुले त्यांच्यात, आणि टोकाला कुणीच नाही, हे नावाडी सांगतोच. तो सांगत नसेल तर नाव बदलावी. तळाशी थोडे पाणी साचलेले असते आणि नावाडी ते डब्याने उपसत असतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. लाइफ जॅकेट नुसते अंगावर टाकलेले उपयोगाचे नाही: सगळे बंद लावून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे, ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर पट्टे आणखी आवळावेत किंवा लहान मापाचे मागावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालणे म्हणजे न घालण्यासारखेच आहे. जॅकेट नाहीच असे उत्तर मिळाले, तर घाटावर बसून चिरमुरे खावेत; नाव पुढच्या वर्षी आहेच. भाडे बसण्याआधी ठरवावे, तेही माणशी की पूर्ण नावेचे हे नीट बोलून.

काही गोष्टी सक्तीने टाळाव्यात. बंधाऱ्याच्या जवळ नाव नेऊ नये, कारण बरग्यांच्या फटींतून पाणी ज्या ओढीने निघते ती वरून दिसत नाही, आणि खालच्या बाजूला भोवरे असतात. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, पुराच्या काळात नाव म्हणून वापरली जाते हे खरे, पण ती अडचणीची सोय आहे, सुटीतल्या गमतीची नाही. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णेत, विशेषतः भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, मगरींचा वावर आहे आणि उन्हाळा हा त्यांच्या विणीचा काळ असतो. तिथे पाण्यात हातपाय सोडून बसू नये आणि निर्जन काठावर पोहायला उतरू नये. पोहायचेच असेल तर आजोळच्या विहिरीत, मामाच्या नजरेखाली, पाठीला डबा बांधून.

ठिकाणांत माझे झुकते माप नृसिंहवाडीला आहे. कोल्हापुरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या या गावी दोन नद्यांचा संगम, दत्तमंदिर आणि मोठा घाट हे सगळे चालत जाण्याच्या अंतरात आहे. पावसाळ्यात पाणी मंदिरात शिरते, तर उन्हाळ्यात तीच नदी कितीतरी पायऱ्या खाली गेलेली असते. पण पुढे राजापूरच्या बंधाऱ्याने कृष्णा अडवलेली असल्याने घाटाशी नाव तरंगण्याइतके पाणी सहसा असते. शनिवारी, गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, म्हणून मंगळवार धरावा. नावेतून संगमाचा फेरा झाला की पुलावरून कुरुंदवाडला जाऊन तिथला घाट आणि सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी पाहावी. कृष्णेच्या पलीकडे औरवाडला अमरेश्वराचे मंदिर आहे. परतताना वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यावी. बासुंदी उन्हात टिकत नाही, ती तिथेच संपवावी; बर्फी पुढच्या पाहुण्यांकडे नेता येते.

दुपारच्या वेळेसाठी याच तालुक्यात खिद्रापूर आहे. कोपेश्वराच्या मंदिरातील स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि त्याचे छत मधोमध गोलाकार उघडे आहे. भर दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्या गोलातून उतरलेले ऊन बरोबर खालच्या वर्तुळाकार शिळेवर पडते, भोवतालचे खांब मात्र गार सावलीत राहतात. इतर ठिकाणी जी वेळ टाळायची तीच इथे साधायची. बाहेरच्या बाजूने हत्तींच्या रांगेवर तोललेले शिल्पकाम सावकाश बघण्यासाठी दीड-दोन तास ठेवावेत. समोरच्या काठावर कर्नाटकातले जुगूळ आहे, त्यामुळे या भागातल्या घरांत मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलल्या जातात.

सांगलीकडे मुक्काम असेल तर हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, संगमेश्वराच्या देवळाशी सकाळ घालवावी. औदुंबरचे दत्तस्थान आणि पैलतीरावरची भुवनेश्वरी हा जोडीचा बेतही चांगला, मगरींविषयी वर लिहिलेले लक्षात ठेवून. घरची मंडळी शहरातच राहणार असतील तर पंचगंगा घाटावर पहाटे आणि रंकाळ्यावर संध्याकाळी जाता येते. रंकाळ्यातील नौकाविहार कधी चालू, कधी बंद असतो, म्हणून मुलांना आधी कबूल करून ठेवू नये. राधानगरीच्या वाटेवर आजोळ असलेल्यांनी धरण पाहावे, पण धरणाच्या फुगवट्यात स्वतःहून उतरू नये, कारण काठ सरळ तुटलेले असतात आणि तळाला जुनी खोडे असतात. त्याऐवजी पुढे दाजीपूरच्या अभयारण्यात गव्यांसाठी सकाळ राखून ठेवावी. पाणवठे आटलेले असताना ते सोपे जाते.

घाटाखाली जाण्यासाठी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीहून फोंडा आणि आजऱ्यावरून आंबोली असे मार्ग आहेत. दरड किंवा रस्त्याच्या कामामुळे यांतला एखादा घाट बंद असू शकतो, म्हणून मालवणच्या बहिणीला विचारून मगच निघावे. तिच्या घरी पोचल्यावर पहिला दिवस काहीच करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे, तिथले शिवराजेश्वर मंदिर पाहावे आणि ऊन चढायच्या आत परत यावे. कर्ली नदीचा फेरा तिसऱ्या दिवसासाठी ठेवावा. तारकर्ली-देवबागच्या बाजूने ही नदी समुद्राला मिळते. खाडीचे पाणी रुंद आणि दोन्ही काठांना माडांची दाटी असल्याने इथली सफर आपल्या डोहातल्या तासाभरापेक्षा लांब करता येते, मात्र भरती-ओहोटीचे गणित नावाड्याकडूनच समजून घ्यावे. ओहोटीच्या वेळी वाळूचे बांध उघडे पडतात आणि देवबागच्या मुखाशी ओढ वाढते. तेव्हा नावाडी ‘आता नको’ म्हणाला तर पैसे वाढवून त्याला भाग पाडू नये.

पिशवीत सुती कपडे, दोरीची टोपी, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, प्रत्येकाची पाण्याची बाटली, लिंबू-मीठ-साखर आणि घाटाच्या पायऱ्यांसाठी जाड पायमोजे असावेत. वाटेत खाण्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, कारण उन्हात पोळी-भाजी दुपारपर्यंत उतरते. परतीचा दिवस रविवारी धरू नये. लग्नाची वऱ्हाडे आणि कोकणातून चढणाऱ्या गाड्या घाटात एकत्र आल्या की दोन तासांची वाट पाच तासांची होते. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी लवकर निघावे आणि मुलांना आणायला आजोळी जूनच्या पहिल्या आठवड्यात जावे, म्हणजे शाळा उघडण्याआधी गणवेश आणि वह्यांच्या खरेदीला आठवडा तरी मिळतो.